झोप, भाकर आणि पाणी



ईजबेल राणीच्या धाकाने एलीया संदेष्टा रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले (१ राजे १९). देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले.

भीती शरीरात उतरते. रक्तदाब चढतो, झोप उडते, साखर वाढते. लेबनॉनच्या यादवी युद्धात (१९७५-९०) बैरुत शहर दुभंगले होते. ती सीमारेषा ओलांडून ज्यांना ये-जा करावी लागे, त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार अधिक आढळल्याचे डॉक्टरांनी नोंदवले.

गाझा पट्टीत एकच कॅथलिक चर्च आहे, पवित्र कुटुंबाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर शेकडो लोकांनी त्याच्या आवारात आसरा घेतला. पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करीत. आणि विचारीत काय? आज काय जेवलात! एकदा उत्तर मिळाले, कालची उरलेली कोंबडी. (आपली आईही फोनवर आधी हेच विचारते.) २१ एप्रिल २०२५ रोजी पोप महोदय देवाघरी गेले. १७ जुलैला त्याच चर्चवर तोफगोळा पडला. तिघे मरण पावले, धर्मगुरू जखमी झाले.

'जगात शांती नांदो' ऐकले की 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणून आपण मोकळे होतो. वाचणारे आम्हीही घाईतच असतो. आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढवले आहे: युद्धभूमीतील आजाऱ्यांना रक्तदाबाची गोळी आणि इन्सुलिन वेळेवर मिळो, मुलांना रात्रभर झोप लागो. उत्तर जरा सावकाश देऊ या.