सोबतीचें हसणें

हास्याविषयीं ज्या थोर पुरुषांनीं विचार केला आहे, त्यांपैकीं बहुतेकांचें लक्ष ज्याचें हसें होतें त्याच्याकडेच अधिक लागलेलें दिसतें. इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्स यानें हास्याचें मूळ दुसऱ्याच्या उणेपणापुढें आपणांस अकस्मात् भासणाऱ्या मोठेपणांत शोधलें. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानें १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, हसावयाचें तर अंतःकरण क्षणभर बधिर व्हावें लागतें. आपल्या भरतमुनींनीं स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या सांगून त्या उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना दोन दोन वांटून दिल्या. ही मीमांसा मोलाचीच आहे. हास्याला प्रतिध्वनि लागतो, एकट्याचें हसणें अपुरें, हेंहि बर्गसाँ सांगतो. परंतु शेजारीं बसून जो आपल्याबरोबर हसतो, त्याच्याशीं आपलें नैतिक नातें काय, हा प्रश्न मला कोणा ग्रंथानें नव्हे, एका उन्हाळ्यानें घातला.

गोष्ट १९८५ सालची. महाविद्यालयाला सुटी लागतांच मी व माझा एक मित्र पुण्यांतील एका छापखान्यांत मुद्रितें तपासण्याच्या कामावर राहिलों. जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं शालेय पुस्तकें बाहेर पडलीं पाहिजेत, म्हणून छापखान्याला उन्हाळा म्हणजे सुगीच. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकानें मूळ प्रत मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें प्रुफावर पेन्सिल चालवावी. डोक्यावर तापलेले पत्रे आणि नाकांत शाईचा व रॉकेलचा वास. या आठवड्याला विसांवा एकच होता. दर शुक्रवारीं रात्रीं मित्राच्या वाड्यांतील एका शेजाऱ्यांकडे आम्ही दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' ही विनोदी मालिका पाहावयास बसत असूं. हिंदीतील व्यंगलेखक शरद जोशी यांनीं लिहिलेली ही मालिका म्हणजे नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ यांच्या संसारांतले साधेच घोटाळे. पण सतीश शाह तींत दर आठवड्याला नवें सोंग घेऊन येत. आज ते कोण होऊन येणार, यावर आमची दुपारींच पैज लागे आणि हरणाऱ्यानें चहा पाजावा लागे.

मे महिन्यांत एके दिवशीं मित्राला घरीं जाण्याची घाई होती. त्याच्या वांट्याचा शेवटचा फर्मा मीं तपासला आणि त्यानें माझ्या भरंवशावर न वाचतां खालीं सही केली. तो फर्मा अंकगणिताच्या उत्तरसूचीचा होता. छापून झाल्यावर ध्यानांत आलें कीं, एका उत्तरांत ३६ च्या ठिकाणीं ६३ पडले आहेत. मालकांनीं सही कोणाची म्हणून विचारलें. मित्र म्हणाला, "माझी." त्याचा आठवड्याचा पगार कापला गेला. मी तेथेंच उभा होतों आणि मीं तोंड उघडलें नाहीं. पुढें दोन दिवस आम्ही दोघांनीं मिळून त्या पानावर शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. तेव्हांहि मी बोललों नाहीं.

पुढच्या शुक्रवारीं आम्ही नेहमींच्या जागीं बसलों. प्रसंग खचित गमतीचा असला पाहिजे, कारण सारें घर हसत होतें. मीहि हसलों. परंतु प्रत्येक वेळीं माझें हसू अर्ध्या क्षणानें मागून येत होतें. आधीं मी मित्राच्या तोंडाकडे पाहत होतों, आणि तो हसला म्हणजे मग हसत होतों. परत निघतांना वाड्याच्या दिंडींत मीं त्याला सगळें सांगून टाकलें. तो शांतपणें म्हणाला, "मला ठाऊक होतं. पेन्सिल तुझीच चालली होती ना? पण तूं आज पडद्याकडे न बघतां माझ्याकडे बघून हसायला लागलास, तेव्हां म्हटलं, आतां हा बोलणार." आणि थोडें थांबून, "पुस्तकांत त्रेसष्ट झालं तें झालं. आपल्यांत छत्तीस नको." दुसऱ्या दिवशीं मीं मालकांना खरें काय तें सांगितलें. कापलेली रक्कम माझ्या पगारांतून मित्राला मिळाली. वर मला चार शब्द ऐकावे लागले, तेहि मिळावयास हवेच होते.

तेव्हांपासून मला असें वाटतें कीं, दुसऱ्याबरोबर हसणें म्हणजे त्याच्यापुढें क्षणभर बेसावध होणें होय. ज्याच्यापासून कांहीं लपवावयाचें आहे त्याच्यापुढें बेसावध होतां येत नाहीं. बर्गसाँच्या म्हणण्याप्रमाणें ज्याला हसावयाचें त्याच्यापुरतें अंतःकरण बधिर होत असेल. परंतु ज्याच्याबरोबर हसावयाचें त्याच्यापुरतें तें जागें असावें लागतें. यावर कोणी म्हणेल, "लबाड माणसें काय एकत्र हसत नाहींत? सावकाराच्या विनोदाला कूळ हसत नाहीं?" हसतें, पण तें हसणें उसनें असतें, आणि तें आधीं दुसऱ्याचें तोंड पाहून मग निघतें. लबाडांचें म्हणाल, तर त्यांचें एकमेकांपासून कांहीं लपलेलें नसतें, निदान त्या घटकेपुरतें तरी. म्हणूनच त्यांना मोकळेपणानें हसतां येतें.

यावरून हास्य माणसाला सज्जन करितें असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. त्या शुक्रवारच्या विनोदानें मला सुधारलें नाहीं. माझा आणि मित्राचा हिशेब जमत नाहीं, एवढेंच त्यानें दाखवून दिलें. हिशेब पुरा करण्याचें काम माझें मलाच करावें लागलें. मात्र आजहि कोणाबरोबर हसतांना माझी दृष्टि आधीं विनोदाकडे जाते कीं शेजाऱ्याच्या तोंडाकडे, हें मी पाहून घेतों.