आधी पाणी



लेहमधली हिवाळी पहाट. बाहेर राहिलेलं पाणी रात्रीत दगड होतं. म्हणून कोंबड्यांचं भांडं संध्याकाळीच उपडं करून ठेवायचं. कोंबडी अंधारात पीत नाही, रात्रीचं पाणी नुसतं गोठायचं. उजाडताच कोमट पाणी घेऊन खुराड्याकडे जायचं. आपला चहा नंतर. आधी पाणी.

दुपारी पुन्हा फेरी. भांडं उन्हात सरकवायचं. काळं असलं तर बरं, ते ऊन शोषून घेतं.

कोंबडी घोटाघोटानं दिवसभर पिते. पाणी नसलं की दाणेही टिपेनाशी होते. मग अंडी थांबतात. अंड्यात तरी बहुतांश पाणीच असतं ना! पण कोंबडी मागत नाही. दाणे समोर असतात, आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

घरातही न मागणारं कुणी असतं. म्हातारी आई म्हणते, “मला काही नको.” आपण ते खरं मानतो. काळजी घेणं म्हणजे हाक येण्याआधी जाणं. रोज जाणं. कालचं कोमट पाणी आज गार असतं.

आता उजाडतंय. आईच्या उशाशी तांब्या असेल. जरा उचलून पाहा. रिकामा असेल, तर आधी पाणी.