दंड, प्रायश्चित्त आणि बहिष्कार

दंड न्याय्य कोणता, हा प्रश्न वरकरणी न्यायालयाचा वाटतो. परंतु आपल्या वऱ्हाडातील खेड्यांत तो पुष्कळदा पारावरच निकालात निघत आला आहे. जातीबाहेर विवाह झाला, पंचांचा शब्द मोडला, की ते घर वाळीत टाकावयाचे. टाकणाऱ्यांस त्यात अन्याय वाटत नाही. निर्णय सर्वांनी मिळून केला, अपराध सर्वांस ठाऊक, मग अन्याय कसला, असे त्यांचे म्हणणे असते.

न्याय्यतेचे माप समाजागणिक बदलते. मनुस्मृतीत चोरीबद्दल शूद्रास आठपट, तर जाणत्या ब्राह्मणास चौसष्टपट दोष सांगितला आहे. आणि त्याच ग्रंथात ब्राह्मणास वधाच्या जागी मुंडन सांगितले आहे! फिनलंड देशात १९२१ पासून दंडाची रक्कम अपराध्याच्या मिळकतीवरून ठरते. आपल्याकडे दंडाची पावती धनिकास व मजुरास सारखीच. दोघेही आपापल्या मापास समता म्हणतात.

तथापि बहिष्काराचे प्रकरण या मापांत बसत नाही. अपराध पित्याचा, पण विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतते ती कन्या. ज्याचे कर्म त्यासच त्याचा भोग, एका जीवाचे कर्म दुसऱ्यास लागत नाही, हे आपण नित्य श्रवण करतो. ते खरे असेल, तर त्या कन्येस कोणत्या कर्माचा दंड झाला? शिवाय कारावासास मुदत असते. बहिष्कारास ती पंचांच्या मर्जीवर.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. बुलढाणा जिल्हा तेव्हा त्या राज्यात नव्हता. तो १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा रद्द ठरविला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या स्वायत्ततेचा भाग होय, असे बहुमताने म्हटले. पुढे महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार मात्र २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविला गेला.

येथे शंका अशी की, दोषी व्यक्तीस दूर करण्याचा अधिकारच नसेल, तर संप्रदायात शिस्त कशी राहावी? शंका रास्त आहे. आपल्या आश्रमांसही ती लागू पडते. आचार मोडणाऱ्या भिक्षुकास पंक्तीतून व पदावरून दूर ठेवता येईल, प्रायश्चित्त सांगता येईल. प्रायश्चित्त घेणारा ते स्वतः घेतो, आणि ते पूर्ण झाले की परत येतो. दंड देणारा दुसरा असतो, एवढा फरक ध्यानी ठेवला तरी पुष्कळ. परंतु त्याच्या आप्तांशी बोलू नका, त्यांस पाणी देऊ नका, असे सांगण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, हे मला आजवर कोणत्याही शास्त्रचर्चेत आढळले नाही.