आधी कुत्रा मोज

ब्रूनोची उंची किती, असं विचारलं तर तू हवेत हात धरून दाखवलास. "साधारण एवढा." एवढा म्हणजे किती? तुझ्या हातावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत का? कारखान्यात यंत्राचे भाग काढतोस. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर हाताखालच्या पोरांना फैलावर घेतोस. आणि रोज तुझ्या पायाशी झोपणारा लॅब्रॅडॉर तुझ्या लेखी 'साधारण एवढा'! त्याच्या अंघोळीसाठी टब मात्र डझनभर बघून ठेवलेस. त्यांचे रंग तुला तोंडपाठ आहेत. टबात उभं कोण राहणार आहे, रंग?

"टब आला की अंघोळ सुरू करू." हे वाक्य तू किती वेळा म्हणालास, ते ब्रूनोने अंग खाजवून मोजलं असेल. डॉक्टरांनी औषधी शाम्पू लिहून दिला. फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्या, असं बजावलं. बाटली बाथरूमच्या खिडकीत उभी आहे, गळ्यापर्यंत भरलेली. का? तर म्हणे, तो उभाच राहत नाही. कसा राहील? खाली गुळगुळीत टाइल, तिच्यावर साबणाचं पाणी. नखं रुतायला जागा नाही. चार पाय चार दिशांना जातात, तो जीव घेऊन दाराकडे झेपावतो, तू आरडाओरडा करतोस, आणि दोन मिनिटांत औषध मोरीत वाहून जातं. वर म्हणायचं, कुत्रा हट्टी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुला लागू पडते रे. त्याचं अंगण मात्र खरंच निसरडं आहे.

एक जाड रबरी मॅट. बास. त्यासाठी टबाची वाट पाहायला हवी होती का? नव्हती. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं नाहीस, हेच तर माझं भांडण आहे.

आता तुझ्या त्या आवडत्या टबाकडे येऊ. पांढराशुभ्र, खोल, काठ गोलाकार. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, पाणी ३० सेंटिमीटरपर्यंत. तो बाल्कनीत ठेवणार म्हणालास. गुणाकार केलास? मीच करते. २१६ लिटर, म्हणजे २१६ किलो पाणी. वर कुत्रा, ३२ किलोचा धरू. टबाखालची जागा पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही. आपल्याकडे बाल्कनीच्या स्लॅबला चौरस मीटरमागे साधारण ३०० किलो वापराचा भार धरतात. तुझा हिशेब ३४०च्या पुढे गेला. स्लॅब लगेच कोसळणार नाही, मलाही कळतं. पण मुळात कुत्र्याला एवढ्या पाण्यात बुडवायचं कशाला? म्हैस आहे का ती डुंबायला? कुत्र्याचं अंग हँड शॉवरने भिजवायचं, फेस चोळायचा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. पाणी साठायला नको, वाहून जायला हवं. खोल टब तू स्वतःच्या हौसेसाठी बघतोयस. हौसेला मोल नसतं म्हणतात, खरं आहे. पण मग हौस म्हण, कुत्र्याचं नाव पुढे करू नकोस.

दुसरी पसंती कोणती, तर पायांवर उभा असलेला उंच स्टीलचा टब. का? "कंबर वाकवावी लागत नाही." तुझी कंबर! तुझ्या वहिनीचा शिह त्झू असता तर मी स्वतः म्हटलं असतं, घे बाबा, कमरेइतका उंच घे. सहा-सात किलोचं पिल्लू कुणीही उचलून ठेवतं. नर लॅब्रॅडॉर खांद्यापाशी ५७ ते ६२ सेंटिमीटर उंच, वजन ३० किलोच्या आसपास. त्याला दर वेळी छातीशी धरून चढवणार आहेस? पहिल्या रविवारी चढवशील. दुसऱ्या रविवारी तुझी कंबर धरेल आणि शाम्पूची बाटली परत खिडकीत जाईल. की तो स्वतः उडी मारेल, असं ठरवलंयस? चढताना मारेलही. उतरताना ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर? लॅब्रॅडॉरच्या खुब्याचं दुखणं तुला नवं नाही. पिल्लू घेताना तूच मला त्यावर तासभर ऐकवलं होतंस. ती सगळी अक्कल टब बघताना कुठे ठेवलीस? आणि तो आज चार वर्षांचा आहे. दहाचा होईल तेव्हा त्याला पायरी चढणंही जड जाईल. टब तेव्हाही तोच असेल.

मोठ्या कुत्र्याला बुटका टब, बुटका काठ. तुला कंबर वाकवायची नसेल तर स्टूल घे आणि खाली बस.

खरं सांगू? जुन्या वाड्यातली मोरी या कामाला तुझ्या सगळ्या टबांपेक्षा सरस होती. वीतभर कट्टा, खरखरीत शहाबादी फरशी, एका कोपऱ्याकडे उतार आणि कोपऱ्यात पाणी जायला भोक. माणसं न्हायची, भांडी घासली जायची, कुत्रंही धुतलं गेलं असतं. तुझ्या फ्लॅटमध्येही तशी जागा आहे. ड्राय बाल्कनी. तिथे तू काय ठेवलंयस? जुना ट्रेडमिल. त्यावर कपडे वाळतात. घर स्वतःचं आहे, पैसा आहे, तर ट्रेडमिल हलव आणि तिथे वीतभर काठाचं कुंड बांधून घे. आतून १२० बाय ७५, खरखरीत टाइल, भिंतीला हँड शॉवर. आधी वॉटरप्रूफिंग कर. खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली की सोसायटीची मीटिंग तुझ्याच नावाने भरेल. भाड्याचं घर असतं तर म्हटलं असतं, जाड प्लास्टिकचा बुटका टब घे, बुडाला पाण्याची वाट असलेला, आत मॅट टाक आणि मोकळा हो.

स्टीलच हवं असेल तर निदान डोळे उघडून घे. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, ते चिकटलं नाही, आणि तू '३०४ आहे' म्हणून खूश होऊन परत आलास. अरे शहाण्या, २०२लाही चुंबक चिकटत नाही! ३०४मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि ओलीत लवकर डागाळतं. धातू तुला मी शिकवायचे? बिलावर ग्रेड लिहून माग. लिहायला कां-कूं केली की दुकानातून बाहेर पड. आणि टाइलवरचे पांढरे डाग काढायचं ॲसिड त्या टबाला लावू नकोस. चांगल्या स्टीललाही ते खड्डे पाडतं, आणि उरलेलं ॲसिड ब्रूनोच्या पंजांना लागेल.

मापं बघताना आतली बघ. जाहिरातीत काठासकट बाहेरचं माप छापतात, आणि कुत्रा काठावर उभा राहत नाही. बाथरूमचं दार बहुधा अडीच फुटी असतं, चौकट वजा केली की आणखी कमी. टब दारात अडकल्यावर मग सुताराला फोन. ही वरातीमागून घोडी तुझ्याकडे बरीच आहेत.

पाणी जायची वाट. यावर तू एक प्रश्न विचारला नाहीस. एकही नाही! लॅब्रॅडॉरचे केस घरभर उडतात हे सोफ्यावरून दिसतं, मग ते नळीत जाणार नाहीत असं कुणी सांगितलं? बेसिनला असते तशी ३२ मिलिमीटरची नळी दोन अंघोळींत तुंबेल. ५० मिलिमीटरची माग. तोंडावर काढता-घालता येणारी जाळी बसव, आणि टबाची नळी नहाणी ट्रॅपवरच सोड. ट्रॅपमध्ये थोडं पाणी साचून राहतं, म्हणून खालची घाण आणि झुरळं वर येत नाहीत. प्लंबर तो काढून टाकू म्हणाला तर प्लंबरलाच काढून टाक. आणि जाळीतले केस अंघोळ झाल्या झाल्या तू स्वतः काढायचे. कामाच्या मावशींनी नव्हे.

गरम पाण्यासाठी हीटरचा रॉड बादलीत सोडून बादली टबाशेजारी ठेवायची, असं काहीसं पुटपुटलास. ऐकून न ऐकल्यासारखं केलं मी. ओला कुत्रा, ओली फरशी, हातभर अंतरावर विजेचा रॉड. तोंडातून पुन्हा हा शब्द काढू नकोस. गिझरचं पाणी घे, कोपर बुडवून कोमट आहे का बघ.

राहिला तुझा शेवटचा बहाणा. "पावसाळा संपू दे." पावसाळ्यातच केस आतून ओले राहतात, कातडीला बुरशी धरते, ओल्या गवतातून गोचीड अंगावर चढते. खाज तेव्हा वाढते, आणि तू तेव्हाच सुट्टी घेणार? धुतल्यावर कातडीपर्यंत कोरडा करायचा, म्हणून दोन जुने टॉवेल आणि वारा येईल अशी जागा टबाशेजारी हवी. हेही टब निवडण्यातच येतं. तुझ्या यादीत त्याचा पत्ता नाही.

तुला कळत नाही असं असतं तर मी एवढी बोलले नसते. तुला कळतं, वळत नाही.

चार आकडे हवेत मला. जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, वजन, आणि दाराची रुंदी. वजनासाठी त्याला उचलून काट्यावर उभा राहा आणि स्वतःचं वजा कर. म्हणजे त्याला टबात चढवायला किती जोर लागतो, तेही कळेल. संध्याकाळपर्यंत पाठव. आणि येताना ती रबरी मॅट घेऊन ये, आज रात्री त्याला अंघोळ घालायची आहे.