कोसा, कोस आणि हौस

भंडाऱ्याहून तुमसरला जाताना वाटेत मोहाडी लागते. गाव चौंडेश्वरीचे. ती कोष्ट्यांची कुलदेवता आणि मोहाडी-आंधळगावचा पट्टा कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणण्याचा. देवी योग्य जागी बसली आहे, असे मला नेहमी वाटते. ऐनाच्या, अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळीचा कोश उकळायचा, त्याचा धागा काढायचा, तो मागावर चढवायचा आणि काठावर करवतीचे दाते उठवायचे. या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन आहे.

कोसा म्हटले की मला एक ग्रीक नाव आठवते. एजियन समुद्रात कोस नावाचे एक बेट आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात शिंगे असलेल्या एका मोठ्या अळीची हकीकत दिली आहे. ती रूपे पालटते, तिचे कोश बायका उलगडतात, त्याचे सूत करतात आणि विणतात. असे कापड पहिल्यांदा विणले ते कोसच्या पांफिलेने, असेही तो सांगतो. कोसा आणि कोस यांचे नाते मात्र नाही. आपला कोसा संस्कृत 'कोश'मधून आला. व्हॉट्सॲपवर कोणी हे नाते जुळवून पाठवलेच तर पुढे ढकलू नका.

नाव जुळले नाही तरी काम तेच आहे. आणि ज्या माणसाने हे काम टिपून ठेवले, त्यानेच सुख म्हणजे काय याचाही कसून विचार केला.

सुखाचा विचार इच्छेपासून सुरू होतो, आणि मराठीत इच्छेला दोन शब्द आहेत, हौस आणि हव्यास. हौस फिटते, हव्यास फिटत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भात, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकाने लागतात, रात्री दंडार, म्हणजे इथले लोकनाट्य, उभी राहते. धान कापायचे असते, हातात पैसा बेताचाच असतो, तरी मंडई चुकवायची नाही. ही हौस. दुसऱ्या दिवशी माणसे विळा घेऊन धानाच्या बांधीत उतरतात. वर्षभर मंडई चालावी असे कोणी म्हणत नाही.

प्लेटोला ही फिटणारी हौस फारशी दिसली नाही. त्याच्या 'गॉर्गिआस' या संवादात इच्छांमागे धावणाऱ्या माणसाचा जीव गळक्या रांजणासारखा आहे. तो चाळणीने पाणी आणून रांजण भरत राहतो. कॅलिक्लिस नावाचा तरुण उलट म्हणतो की भरलेला रांजण म्हणजे दगडाचे जिणे, मजा आहे ती ओतत राहण्यात. मग सॉक्रेटिस त्याला विचारतो, खाज सुटलेला माणूस जन्मभर खाजवत बसला, तर त्याला सुखी म्हणशील का? मोबाइलच्या पडद्यावर अंगठा फिरवत मध्यरात्र करणाऱ्या आपल्या पिढीने या प्रश्नावर हसू नये.

पण सगळे सुख म्हणजे रिकामे भरणे, हेच मुळात खरे आहे का? ॲरिस्टॉटल म्हणतो, नाही. गणित सुटल्याचा आनंद होतो, त्याआधी कुठली भूक लागलेली असते? त्याच्या मते सुख हे नीट, बिनअडथळा चाललेल्या कामावर आपोआप चढणारे तेज आहे, भर तारुण्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसे. त्याचा एक दाखला तर थेट आपल्या दंडारीतला वाटतो. नाटकातले नट वाईट असले की प्रेक्षक जास्त खाऊ खातात, असे तो लिहितो. मंडईत फुटाण्याच्या पुड्या कधी उघडतात ते पाहा. सोंग रंगात आले की हात पुडीतच थांबतो.

मागावर बसलेल्या माणसाकडे पाहिले की ॲरिस्टॉटल पटतो. पाय पावडीवर, नजर काठावर, धोटा इकडून तिकडे. दात्याचा ताल एकदा हाताला लागला की बोलणेही थांबते. आणि इथेच माझे त्याच्याशी भांडण आहे. 'राज्यशास्त्रा'त तो बजावतो की चांगल्या राज्यातल्या नागरिकांनी कारागिरांचे जिणे जगू नये, ते सद्गुणाला मारक असते. कोश उलगडणाऱ्या बायका त्याला अळीच्या प्रकरणात दिसल्या. सुखाच्या विचारात त्यांना जागा मिळाली नाही.

एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचे दार जास्त उघडे होते. जन्म इ.स.पू. 341, सामोस बेटावर. इ.स.पू. 306च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये बागेत आपली शाळा काढली. तिथे स्त्रियाही होत्या, गुलामही होते. सुख हेच साध्य, असे तो म्हणाला आणि विरोधकांनी त्याला खादाड ठरवले. आपल्या चार्वाकाला 'कर्ज काढून तूप पिणारा' करून ठेवले, तशातलाच प्रकार. प्रत्यक्षात एपिक्युरस भाकर-पाण्यावर खूश असे. एका मित्राला त्याने लिहिले की चीजचे एक मडके पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल.

इच्छांचे त्याने तीन वाटे केले. काही नैसर्गिक आणि गरजेच्या, काही नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या, तर काही दोन्ही नसलेल्या, नुसत्या पोकळ समजुतीतून आलेल्या. या शेवटच्या वाट्याचे जुने भाष्यकार देतात ते उदाहरण म्हणजे गौरवाचे मुकुट आणि स्वतःचे पुतळे. आपल्याकडे चौकाचौकांत याच हव्यासाचे फ्लेक्स लागतात.

एपिक्युरसला आपण सहसा समाधानाचा उपदेशक करून टाकतो. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला ऐकवायला तो उपदेश फार सोयीचा असतो. पण त्याचे म्हणणे नीट वाचा. भूक नको, तहान नको, थंडी नको, एवढे शरीर मागते, आणि हे ज्याला मिळाले व पुढेही मिळेल असा भरवसा आहे, तो सुखात देवाशी बरोबरी करील. यातला 'पुढेही मिळेल' हा भाग आपण गाळतो. उद्याचा भरवसा नसलेल्याला समाधान शिकवणे एपिक्युरसच्या हिशेबात बसत नाही. विणलेली साडी खपेल का, पुढच्या कोशाचे पैसे कुठून येतील, ही धास्ती मागाशेजारी बसलेली असेल, तर ॲरिस्टॉटलचे ते तेजही कामावर चढत नाही.

यंदा भाऊबीजेनंतर झाडीपट्टीतली एखादी मंडई पाहायला या. वाटेत मोहाडी-आंधळगावला कोसा घेतलात, तर विणकराशी भावात घासाघीस करू नका.