शेवटपर्यंत वळवून

तालुक्याच्या गावी एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. हाताखाली एक पोरगा होता, कामाला चटपटीत. एका दुपारी एक तरुण मोटारसायकल घेऊन आला. सोबत नवंकोरं हँडल होतं, बसकं आणि सपाट. "पहाटे मित्रांबरोबर घाटात निघायचंय. संध्याकाळपर्यंत बसवून द्या," तो म्हणाला.

मिस्त्री एका इंजिनात गुंतले होते. त्यांनी पोराला खूण केली. पोरानं जुनं हँडल उतरवलं. ग्रिप, लिव्हर, स्विच सगळं नव्यावर चढवलं. दोन्ही नळ्या 22 मिलिमीटरच्याच होत्या, त्यामुळे क्लॅम्पमध्ये नवं हँडल चपखल बसलं. गाडी देखणी दिसू लागली. तरुणानं खूश होऊन पाकीट काढलं.

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत आले. गाडीवर बसले, न्यूट्रलमध्ये चालू केली आणि हँडल सावकाश डावीकडे शेवटपर्यंत वळवलं. डाव्या हाताचा अंगठा ग्रिप आणि टाकीच्या मध्ये चिमटला. क्लच दाबायला जागाच उरली नाही. आणि एक्सिलेटर पिळला नसताना इंजिनाचा आवाज चढत गेला. केबल ताणली होती. हँडल सरळ केलं, आवाज उतरला.

"मिस्त्री, रस्त्यावर एवढं कोण वळवतं?" पोरगा म्हणाला.

"बोळात वळवतात, फाटकातून काढताना वळवतात, गर्दीत कुणी आडवं आलं की वळवतात. क्लचवरचा हात अडकलाय आणि गाडी आपणहून पळतेय. मग काय करशील?"

पोरानं डोकं खाजवलं. "वेल्डिंग करून एक तुकडा लावू. हँडल टाकीपर्यंत जाणारच नाही."

"टाकी वाचेल रे. ज्याला वळायचंय त्यानं काय करायचं?"

मग क्लॅम्पखाली दोन ठोकळे घालून हँडल वर उचललं. टाकी मोकळी झाली. पोराचा चेहरा खुलला. मिस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर चढवली, मागून दाबून पुढचं चाक अधांतरी केलं. शॉकअप खाली उतरले, तसा डिस्क ब्रेकचा पाइप तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला. आता पाइपही लांब हवा होता, केबलही. गावातल्या दुकानात दोन्ही नव्हतं.

"चालून जाईल हो. आल्यावर बदला," तरुण काकुळतीला आला.

मिस्त्रींनी पान्हा उचलला आणि जुनं हँडल परत चढवलं. "उद्या याच्यावर जाऊन ये बाबा. नवं इथंच राहू दे. पैसे काम झाल्यावर."

तरुण हिरमुसून गेला. घाट फिरून सुखरूप आला. पुढे लांब केबल आणि पाइप मागवले आणि नवं हँडल बसलं. या खेपेला कुणी न सांगता पोरगाच आधी गाडीवर बसला. इंजिन चालू ठेवून त्यानं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग तरुणाला हाक मारली.

सरळ उभ्या गाडीवर कुठलंही हँडल शोभून दिसतं. आपल्या हातची कितीतरी कामं अशीच सरळ उभी करून पास केलेली असतात. ती अडतात वळणावर, आणि तिथं बहुतेक वेळा दुसराच कुणी बसलेला असतो.

तुम्ही हँडल बदलून घेणार असाल, तर गॅरेजमधून निघण्याआधी इंजिन चालू ठेवून ते दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, आणि पुढचं चाक उचलून ब्रेकचा पाइप एकदा हातानं चाचपून बघा.