श्वासाची वहिवाट

प्रवरेच्या काठी, नेवासे येथे, शके १२१२ मध्ये म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. या लेखनिकाचे प्राण निघून गेले असता ज्ञानेश्वरांनीच ते परत आणले, अशी परंपरा आहे. त्या टीकेच्या सहाव्या अध्यायात प्राणनिरोधाचे आणि कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन आहे, ते कीर्तनाप्रवचनांतून ऐकत नेवाशातील पैसखांबाच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या मनात, श्वास रोखून धरणे हे काही थोर कर्म आहे असा संस्कार नकळत रुजलेला असतो.

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. येथली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून. आणि तो सुटला की पुढची प्रतिष्ठा असते ती बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणण्याची. ज्याचा दम मोठा, तो मोठा. अशा संस्कारात वाढून मी मालवणनजीक तारकर्लीला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत स्कूबा डायव्हिंग शिकावयास गेलो, तेव्हा पाठीवर हवेचे सिलिंडर चढण्याआधीच पहिला हुकूम मिळाला तो हा, की काहीही झाले तरी श्वास रोखायचा नाही. नाक चिमटीत धरून कानांवरचा दाब मोकळा करणे, मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, या साऱ्या गोष्टी त्यानंतरच्या.

या हुकमामागचे कारण मला अजून विचार करावयास लावते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या दुप्पट होतो, आणि कुस्तो व गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या श्वसनयंत्राची करामत अशी की ते त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा, आणि तीही आपण ओढू तेव्हाच, पुरवते. विहिरीत बुडी मारणारा मुलगा वरची हवा छातीत घेऊन जातो, ती तळाशी आक्रसते आणि वर आल्यावर पूर्ववत होते, म्हणून त्याला अपाय नाही. परंतु खोलवर घेतलेला श्वास कोंडून जो वर येऊ लागेल, त्याच्या छातीतली हवा वाटेत दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुस फाटते. आणि हा धोका खाली जाताना नसून वर येताना आहे, ही गोष्ट साधनेचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

तर मग प्रश्न असा की श्वास हा आपल्या ताब्यातला जिन्नस आहे काय? कठोपनिषद म्हणते की मर्त्य मनुष्य प्राणाने किंवा अपानाने जगत नाही, ज्याच्या आश्रयाने हे दोन्ही आहेत अशा दुसऱ्याच कशाने तो जगतो. हे मला आयुष्यभर केवळ वाचून ठाऊक होते. पाण्याखाली मात्र, जेथे दीर्घ श्वास घेतला की देह आपोआप किंचित वर उचलला जातो आणि सोडला की खाली बसतो, आणि घाबरून हातपाय मारणाऱ्याचे स्थैर्य क्षणात जाते, तेथे ते प्रत्ययास आले. श्वासाची वहिवाट आपली. मालकी आपली नव्हे.

यावर योगमार्गी विचारील, की मग कुंभकाचे काय? बाहेरून पाहता भ्यालेल्या नवशिक्याचा थांबलेला श्वास आणि योग्याचा थांबलेला श्वास यांत भेद दिसत नाही, हे खरे. परंतु पतंजलीने प्राणायामाला आसनसिद्धीनंतरचे स्थान दिले आहे, आणि ते आसन कसे साधते हे सांगताना प्रयत्नाचे शैथिल्य हे कारण दिले आहे; म्हणजे ज्याची धडपड आधी शमली, त्यालाच श्वास थांबविण्याचा अधिकार. भ्यालेला मनुष्य श्वास धरतो तो संचय म्हणून, जीव मुठीत धरावा तसा. योग्याचा श्वास थांबतो तेव्हा त्याला धरून ठेवणारा असा कोणी उरलेलाच नसतो. माझ्या मते सर्व साधनेचा कस येथेच लागतो: जे साठवून, हे माझे म्हणून वर नेले, ते वर जाता जाताच साधकाला फोडते, मग ती हवा असो, विद्या असो, की तपाचे पुण्य असो.

म्हणून जिल्ह्यात गावोगावी, देवळांच्या सभामंडपांत आणि शाळांच्या पटांगणांत, सद्भावनेने प्राणायामाचे वर्ग चालविणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे, की नवशिक्याला श्वास रोखण्याचे आकडे मोजावयास लावण्यापूर्वी काही महिने त्याला केवळ निर्भयपणे श्वास घेऊ द्यावा आणि सोडू द्यावा.